मातीच्या घराचा खड्डा

"...आणि यात खड्डा कुठं दिसंना गं?"

भानुबुवांनी कागद उलटा करून पाहिला. मागची बाजू कोरी होती. पुन्हा सुलटा केला.

"कुठला खड्डा, बुवा?" शाल्मलीनं विचारलं.

"माती काढली तो."

"तो घराच्या मागे आहे. प्लॅनमध्ये येत नाही तो."

"आसं..." बुवा म्हणाले. कागद तिच्या हातात देऊन ते गुडघ्यांवर हात फिरवत बसले.

शाल्मलीला वाटलं, म्हातारा माणूस, नकाशा कधी पाहिला नसेल. समजावून सांगावं म्हणून तिनं तोंड उघडलं, तोवर बुवांनी डोळे मिटून घेतले होते. बुवांचे डोळे मिटले की ते झोपले, जपाला बसले की समोरच्याला कंटाळले, हे आजवर कोणाला कळलेलं नाही.

भानुबुवांचा मठ बालाघाटच्या डोंगरात, एका उघड्या माळावर होता. मठ कसला, एक ओसरी, एक चूल आणि एक पत्र्याची खोली. त्या खोलीत बुवा राहायचे. उन्हाळ्यात ती इतकी तापायची की कौसाबाई म्हणायची, "आत माणूस कशाला, पापड घाला वाळत." कौसाबाई म्हणजे मठाची चूल सांभाळणारी बाई. ती रोज सकाळी बुवांच्या पाया पडायची आणि मग दिवसभर त्यांना बोल लावायची. दोन्ही अगदी मनापासून.

शाल्मली पुण्याच्या एका डिझाइन कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. माणसाला जगायला किती कमी लागतं, आणि घराचा जमिनीला किती कमी भार होऊ शकतो, हा तिच्या अभ्यासाचा विषय. मुलगी हुशार होती, कष्टाळू होती, हाताला फोड येईपर्यंत माती ठोकणारी होती. फक्त स्वतःच्या विषयाच्या जरा जास्तच प्रेमात होती. 'कमी' हा शब्द उच्चारताना तिचा आवाज चढायचा.

दिवाळीच्या सुमारास ती माळावर आली आणि बुवांना म्हणाली, "तुमच्यासाठी एक खोली बांधू का? सिमेंट नाही, लोखंड नाही. सगळी इथलीच माती. बाहेरून काहीही आणायचं नाही."

"बांध," बुवा म्हणाले होते. "राहीन."

या एका शब्दावर तिनं घर उभं केलं. कॉलेजची अट अशी होती की जे बांधाल ते वापरात असलं पाहिजे. घरात कोणी राहत नसेल तर ते घर नव्हे, मोठं खेळणं. परवा ज्युरी येणार होती, म्हणजे परीक्षक मंडळी. उद्या सकाळी नारळ फोडून बुवांनी नव्या घरात राहायला जायचं, असं ठरलं होतं. बुवा राहायला गेले नाहीत, तर शाल्मलीचं वर्ष गेलं.

आणि बुवा खड्ड्याचं विचारत होते.

उन्हं कलल्यावर ते घर पाहायला निघाले. काम चालू असताना ते तिकडे फिरकलेच नव्हते. झाल्यावर बघू, म्हणाले होते.

माळाच्या दुसऱ्या टोकाला, एका बाभळीच्या आडोशाला ते घर होतं. एकच खोली. फळ्यांच्या साच्यात माती घालून, ठोकून ठोकून घट्ट केलेल्या भिंती. घडी घालून ठेवलेल्या गोधड्यांसारखे मातीचे थर एकावर एक दिसत होते. वर मठाच्या पडक्या गोठ्याची जुनी कौलं. एक दार, एक खिडकी. आत काहीही नाही.

बुवांनी भिंतीला तळहात लावला. मग गाल लावला.

"गार हाय."

मग ते सारवलेल्या जमिनीवर सरळ आडवे झाले आणि कौलांकडे पाहत राहिले. बुवांना घर आवडलं. त्यांनी ते लपवलं नाही. विरक्त माणसानं घर आवडल्याचं दाखवू नये, असलं काही त्यांच्या गावी नव्हतं.

"चांगलं केलंस, माय. भिंत आपल्यातली वाटती."

शाल्मली फुलून आली. मग तिला थांबवणं कठीण होतं. आधी इथे कपाट होतं, ते काढलं. फडताळ होतं, तेही काढलं. दुसरी खिडकी होती, ती नको वाटली. खुंट्या काढल्या. उंबरठासुद्धा काढला.

"सगळं काढून टाकलं, बुवा. आता यातून काढण्यासारखं काही उरलंच नाही."

"काढून ठिवलं कुठं?"

"म्हणजे?"

"काही न्हाई..."

बुवा उठले, काठी घेतली आणि बाहेर पडून घराच्या मागच्या बाजूला वळले. तिथे बांबू रोवून हिरवी जाळी ताणलेली होती, रोपवाटिकेत लावतात तसली. जाळी घरापेक्षा उंच होती.

"तिकडे नको, बुवा," शाल्मली मागून घाईनं आली. "तिकडे बघण्यासारखं काही नाही."

बुवांनी काठीनं जाळी उचलली आणि खालून पलीकडे गेले.

पलीकडे खड्डा होता. चांगला ऐसपैस, माणसाच्या खांद्याइतका खोल. ज्या बाजूनं मातीच्या पाट्या वर आणल्या, तिथे उतार पडला होता. तळाशी मोडक्या फळ्या, एक फाटकी पाटी आणि कोणाचा तरी विसरलेला गमछा. काम संपलं त्या दिवशी शाल्मलीनं जाळी ताणली आणि त्यानंतर ती इकडे आलीच नव्हती.

बुवा काठी टेकत उतारावरून खाली गेले आणि भिंतीला पाठ लावून बसले.

"हितंबी गार हाय," ते म्हणाले.

शाल्मली जाळीखालून येऊन काठावर उभी राहिली. तिला वरून बुवांचं फक्त मुंडासं दिसत होतं.

"वर या, बुवा. विंचूबिंचू असेल."

"असंल. त्यालाबी घर लागतं."

"बुवा, वर या ना."

"तू खाली ये."

ती गेली नाही.

"घर केवढं गं तुझं?" खालून आवाज आला.

"अगदी लहान. याहून लहान घरात माणूस राहूच शकत नाही. मापं काढलीत मी."

"आन ह्यो?"

शाल्मलीनं जाळी बाजूला सारून घराकडे पाहिलं. मग खड्ड्याकडे पाहिलं. जेवढी माती भिंतीत गेली तेवढी इथून निघाली, हे तिला ठाऊक होतं. तो हिशेब तिनंच मांडला होता. पण दोन्ही एका नजरेत तिनं कधी पाहिलं नव्हतं. मध्ये जाळी होती.

ती चिडली. चूक आपलीच निघाली की माणूस चिडतो, तशी चिडली.

"मला कमीत राहायचं कळतं, बुवा. होस्टेलच्या खोलीत वर्षभर मी एक चटई, एक पेला आणि मोजक्या कपड्यांवर काढलंय. तोच माझा पहिला प्रोजेक्ट. रिकामी खोली. फोटो छापून आले होते त्याचे."

"आंघोळ?"

"काय?"

"आंघोळीला काय घ्यायचीस?"

"बादली. शेजारच्या खोलीतल्या नफिसाची."

"इस्तरी?"

"...नफिसाची."

"थंडीत पांघरून?"

शाल्मली पायानं काठावरची माती उकरायला लागली.

"लई सामान असंल त्या पोरीच्या खोलीत," बुवा म्हणाले.

वाऱ्यानं जाळी फडफडली. शाल्मलीनं ओठ घट्ट मिटले. परीक्षक जाळीमागे डोकावले तर काय, ही धास्ती तिला आधीपासून होतीच. आता ती पक्की झाली.

"उद्या हा खड्डा भरूनच टाकते. दिसणारसुद्धा नाही."

"कशानं?"

"मातीनं. ट्रॉल्या मागवते."

बुवांनी काठी सावरली.

"माग," ते म्हणाले. "आता हात दे. गुडघं उचलंनात."

सकाळी माळावर ट्रॅक्टरचा आवाज आला तेव्हा कौसाबाईनं नव्या घराच्या दारात पाट मांडला होता. नारळ तयार होता. बुवांनी आपलं गाठोडं बांधलं होतं: घोंगडी, पाण्याचा तुंबा आणि जास्तीचं एक धोतर. गाठोडं पाहून शाल्मलीचा जीव भांड्यात पडला. म्हातारा शब्दाला पक्का आहे, तिला वाटलं.

ट्रॅक्टर घराच्या मागे जाऊन थांबला. ट्रॉली तांबड्या मुरमानं शिगोशीग भरली होती. बबन ड्रायव्हर खाली उतरून ट्रॉलीची मागची फळी उघडणार, एवढ्यात बुवा तिथे पोचले.

"कुठली रं माती, बबन?"

"हरणटेकाच्या पायथ्याची, बुवा. झकास हाय."

"तिथं खड्डा पडला असंल."

"पडनारच की."

बुवांनी मान डोलावली. मग गाठोडं ट्रॅक्टरच्या मडगार्डवर ठेवलं, लोखंडी दांडीला धरलं आणि एक पाय वर टाकायला लागले.

"अवं, निघालाव कुठं?" कौसाबाई नारळ हातात घेऊन धावली. "नारळ फोडायचाय हितं!"

"राहायला," बुवा म्हणाले.

"राहायचं हाय ते घर हे हितं हाय."

"व्हय. पन ते कुठवर हाय ते आदी बगून येतो." बुवांनी दुसरा पाय वर घ्यायचा प्रयत्न केला, तो जमेना. "ह्यो खड्डा हितनं हरणटेकाला निघाला. तिथनं बबन त्याला आनी कुठं नेईल, तिकडंबी जाईन. घर संपलं की येतो माघारी."

ट्रॅक्टरचं इंजिन चालू होतं.

शाल्मली ट्रॉलीकडे पाहत राहिली. बाहेरून काहीही आणायचं नाही. हे तिचंच वाक्य. ते वाक्य आता तांबड्या मुरमाखाली गाडलं गेलं होतं, आणि गाडणारी ती स्वतः होती. तिला आधी राग आला. मग लाज वाटली. आणि मग, बुवांचा तो अधांतरी पाय पाहून, तिला हसू आलं. ते आवरेना.

"बबनभाऊ," ती म्हणाली, "ट्रॉली परत न्या."

"रिकामी करून?"

"नाही. भरलेली."

"आन माती?"

"जिथून काढली तिथेच टाका. बाकीच्या खेपाही नकोत."

बबननं बुवांकडे पाहिलं, कौसाबाईकडे पाहिलं, आणि कोणीच काही सांगेना तेव्हा आपला ट्रॅक्टर वळवायला घेतला. "ट्रॉली येताना भरलेली आन जाताना रिकामी आसती, बाई," जाता जाता तो म्हणाला. "तुमच्याकडं आज भलतंच चाललंय."

बुवा गाठोडं काखेला मारून उभे होते.

"मग?" त्यांनी विचारलं. "संपलं का घर?"

शाल्मलीनं खड्ड्याकडे पाहिलं.

"बघते," ती म्हणाली.

तिनं आधी जाळी सोडली आणि तिची घडी करून ठेवली. मग खड्ड्यात उतरली. खाली खरंच गार होतं. वर उन्हाचा ताव होता आणि इथे मातीचा ओलसर वास होता, जो भिंती ठोकताना दिवसभर तिच्या अंगाला असायचा. तो वास आपण विसरलो होतो, हे तिला खाली उतरल्यावर कळलं. तिनं फळ्या वर काढल्या. गमछा झटकून बाभळीवर टाकला. उतारावर कुदळीनं पायऱ्या पाडल्या, म्हाताऱ्या गुडघ्यांना झेपतील अशा बुटक्या. विंचू काही निघाला नाही. एक बेडूक निघाला, त्याला तिनं तिथेच राहू दिलं.

दुपारी ती तिथेच सावलीला प्लॅन घेऊन बसली आणि त्यावर खड्डा काढायला लागली. खड्डा कागदात मावेना. घर लहान म्हणून तिनं मुद्दाम कागदही लहान घेतला होता. त्या लहान कागदाचं कॉलेजात कौतुक झालं होतं.

"कौसाबाई, थोडं पीठ मिळेल का? कागद चिकटवायला खळ करायचीय."

"खा की भाकरी करून, खळ कशाला?" कौसाबाई म्हणाली, पण वाटीभर खळ शिजवून आणून दिली.

शाल्मलीनं कागदाला दुसरा कागद जोडला. घर जेवढ्या जाड रेघेनं काढलं होतं तेवढ्याच जाड रेघेनं खड्डा काढला. आत लिहिलं: खड्डा. मधोमध सांधा आला. आधीचा कागद देखणा होता, हा ठिगळ लावल्यासारखा दिसत होता. परीक्षक नाक मुरडतील याची तिला भीती वाटली, आणि तरीही फार दिवसांनी बरं वाटलं. दोन्ही एकदमच वाटलं.

मग काठावर, जिथे रेंज येते तिथे चढून तिनं फोन लावला.

"नफिसा, तुझी ती निळी बादली आहे का गं अजून?"

"आहे की. का, परत हवीय?"

"नाही. पहिल्या प्रोजेक्टचा फोटो पुन्हा काढायचाय. त्यात ती घ्यायची राहिली होती. तुझी इस्त्रीही. आणि रजई."

"रजई माझ्या अम्मीची आहे," नफिसा म्हणाली. "माझ्यासाठी दिलेली. मी ते वर्ष शाल पांघरून काढलं."

शाल्मली काठावरच खाली बसली.

"मग अम्मीचं नावही घालते," ती शेवटी म्हणाली.

पलीकडे नफिसा हसायला लागली, ती थांबेचना.

संध्याकाळी नारळ फुटला. बुवा गाठोडं घेऊन नव्या घरात गेले आणि रात्री असे गाढ झोपले की त्यांचं घोरणं ओसरीपर्यंत ऐकू आलं. शाल्मली निवांत झाली. कौसाबाईनं तर उजाडताच पत्र्याच्या खोलीत खरोखरीच पापड वाळत घातले.

परीक्षक आले ते उन्हं तापायच्या आत. एक शाल्मलीच्या कॉलेजातले सर आणि एक बाहेरच्या बाई. बाई फारसं बोलत नव्हत्या. शाल्मलीनं दारातच प्लॅन पसरला. सरांच्या भुवया वर गेल्या.

"हा जोडलेला कागद? आणि हे काय, खड्डा?"

"भिंतींची माती तिथली आहे, सर. आधी मी तो दाखवला नव्हता."

सर कागदावर वाकले. बाईंनी खळीच्या सांध्यावरून एकदा बोट फिरवलं.

सगळे आत गेले.

आत काहीच नव्हतं. घोंगडी नव्हती, तुंबा नव्हता, काठी नव्हती. जमीन लखलखीत झाडलेली. माणूस राहिल्याची एक खूण नाही.

"सुंदर आहे," सर म्हणाले. "पण शाल्मली, इथे कोणी राहत असल्यासारखं वाटत नाही."

"राहतात, सर. भानुबुवा राहतात. काल रात्री इथेच होते."

"मग आहेत कुठे?" बाईंनी विचारलं.

शाल्मलीनं दारातून बाहेर पाहिलं. ओसरी रिकामी. बाभळीखाली कोणी नाही. पत्र्याच्या खोलीत पापड. बैरागी माणूस... उठला आणि गेला. कोण अडवणार? एखादी थाप मारता आली असती. स्नानाला गेलेत, गावात गेलेत, येतीलच. एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं.

"मला ठाऊक नाही," ती म्हणाली.

सरांनी बाईंकडे पाहिलं.

खिडकीतून आवाज आला. खर्र, खर्र. खराट्याचा. मग थांबला.

"घरातच हाय की, माय," मागच्या अंगानं, जमिनीखालून यावा तसा बुवांचा आवाज आला. "पाव्हन्यांची वरची खोली बगून झाली असंल तर खाली घिऊन ये. झाडून ठिवलीय."